लाल रंगाखालचा पंखा

"उचललं! नाक उचललं!" कुणीतरी ओरडलं आणि सगळा धक्का टाचा उंचावून पाण्याकडे बघू लागला.

भोंग्याची मोटरबोट आदल्या दिवसापर्यंत काळा धूर ओकत, दमेकऱ्यासारखी धापा टाकत खाडी ओलांडायची. आज तीच बोट नाक वर करून सुटली. मागे पांढरी शेपटी, पुढे मोकळं पाणी. भोंगा दोन्ही हात हवेत हलवत होता, म्हणजे सुकाणू कोण धरत होतं ते त्यालाच ठाऊक. भोंगा हे काही त्याच्या आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे, पण त्याला एकदा जवळून बोलताना ऐकलं की दुसरं नाव सुचत नाही.

"बाबांची कृपा!" तो पाण्यावरून ओरडला, आणि ते पलीकडच्या काठावरही ऐकू गेलं असणार.

धक्क्याच्या वरच्या पायरीवर लाटबाबा बसला होता. निळी शाल, डोळे अर्धे मिटलेले, केस ओले. केस कायमच ओले. पाणी त्याला सोडत नाही असं भक्त म्हणायचे. त्याच्या स्टुलाखाली बादली असते, हे मात्र कुणी म्हणायचं नाही.

"इंजिन म्हणजे काळीज," तो संथ आवाजात सांगत होता. "जुनं काळीज काढलंत, नवं बसवलंत. चांगलं केलंत. पण पंख्याला विचारलंत? पंखा रुसला. पाण्यातला पंखा रुसला की बोट रडते. काळे अश्रू ढाळते. आम्ही काय केलं? काही नाही. त्याची समजूत घातली."

"समजूत!" एक म्हातारी पदर डोळ्यांना लावत म्हणाली.

काळे अश्रू म्हणजे डिझेलचा धूर. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे मला हसू आलं. त्या दिवशी हसले याचा मला अजून राग येतो. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं.

पंखा म्हणजे बोटीच्या तळाशी, पाण्याखाली फिरून तिला पुढे ढकलणारा प्रोपेलर. आमच्या धक्क्यावर त्याला पंखाच म्हणतात. सगळ्यांचे पंखे पितळी, बापाकडून मुलाकडे आलेले. इंजिन थकलं तर बदलायचं, लाकूड कुजलं तर बदलायचं, पण पंखा बदलायचा नाही. तो काढून दुसरा लावणं म्हणजे भिंतीवरून बापाचा फोटो उतरवण्यासारखं. जुनी इंजिनं सगळी सारखीच होती, संथ, जाडजूड, ठक ठक करणारी. तोवर हे चालून गेलं. मग नवी, चपळ इंजिनं आली, आणि एकेक बोट नव्या इंजिनासकट धूर सोडत खाडीच्या मधोमध रखडू लागली. तेव्हाच कुठूनसा लाटबाबा उगवला.

त्याची रीत ठरलेली. ओहोटीला बोट उतारावर ओढायची. त्याचा चेला पंखा काढणार, ओल्या कापडात गुंडाळणार, धक्क्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेणार. दार बंद. आतून घंटा, मंत्र, मधूनच घणाचा आवाज. दुसऱ्या दिवशी पंखा बाहेर यायचा तो नखशिखान्त लालभडक रंगवलेला. चेलाच तो बसवायचा. आणि आज्ञा अशी: नवा चंद्र दिसेपर्यंत घरच्या कुणाचा हात त्याला लागता कामा नये, आणि रंग तर कधीच खरवडायचा नाही. खरवडला तर इंजिन जागच्या जागी थंड.

बदल्यात बाबा काहीही मागत नसे. भक्त आपणहून डिझेलचा कॅन ठेवून जात. पाण्याच्या माणसाला एवढं डिझेल कशाला लागतं, हेही कुणी विचारत नसे.

*

आता माझ्या वहिनीबद्दल सांगते, कारण ही गोष्ट तिची आहे.

माझ्या दादाचे डोळे काचबिंदूने गेले तेव्हा बोट विकायची बोलणी चालली होती. वहिनी म्हणाली, "विकताय कशाला? मी चालवते." लोक हसले. मग तिने चालवली. शाळेची पोरं, बाजारच्या बायका, दवाखान्यात जाणारे रोगी, सगळ्यांना ती ने-आण करू लागली. भरती कुठे वळते, खडक कुठे दबा धरून बसलाय, हे तिच्या तळव्यांना कळायचं. सुकाणूवर असली की स्वतःशीच गुणगुणायची:

*पाण्याच्या पाठीवर रेघ मी ओढते गं,*
*मागं वळून बघते, पाणी ती पुसते गं.*

त्या गाण्यावर मी रोज शाळेत जायचे. कधीकधी वाटायचं, बोट इंजिनावर चालतच नाही.

पण बोट इंजिनावरच चालते. जुन्या इंजिनाने अंग टाकलं तेव्हा वहिनी नि फिटर दोघांनी मिळून नवं बसवलं. साखळीच्या कप्पीने जुनं वर उचललं, खालचा पाया बदलला, नवं हळूहळू उतरवलं, शाफ्ट नि गिअरबॉक्स केसभरही तिरपे राहू नयेत म्हणून पातळ पट्ट्या सरकवत दिवस घालवला. शेवटी फिटर हात पुसत म्हणाला, "वहिनी, हे इंजिन जास्त फेरे घेतं. याला हा पंखा झेपायचा नाही. दुसरा बघायला लागेल."

दादा बाजूला पाटावर बसला होता. तो म्हणाला, "पंख्याला हात लावायचा नाही. तो अण्णांचा आहे."

अण्णा म्हणजे आमचे वडील. फिटरने खांदे उडवले नि तो आपल्या वाटेने गेला.

झालं तेच, जे सगळ्यांचं झालं होतं. सुकाणूसमोर इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा असतो, त्यावर एक हिरवी खूण असते. बोट भरलेली असताना पूर्ण जोर दिला की काट्याने त्या खुणेला शिवायला हवं. आमचा काटा अर्ध्या वाटेतच थबकायचा. काळा धूर, तापलेलं इंजिन. वहिनीचं गाणं बंद झालं.

"बाबांकडे जाऊ या," दादा म्हणाला.

"पंखा बदलू या," वहिनी म्हणाली.

बाबांकडे गेलो. लाल पंखा बसला. काटा थोडा पुढे सरकला, धूर मात्र राहिला. भोंग्याची बोट नाक उचलून सुटली ती त्यानंतरच. बाबा म्हणाला, रुसवा मोठा आहे. पुन्हा पंखा शेडमध्ये, पुन्हा घंटा, पुन्हा लाल रंग. या वेळी काटा पहिल्यापेक्षाही मागे गेला.

आणि त्याच दिवशी, खाडीच्या मधोमध, तापाने फणफणलेलं पोर मांडीवर घेऊन एक आई बसलेली असताना, इंजिन इतकं तापलं की वहिनीला ते बंद करावं लागलं. ओहोटीने बोट खडकांकडे ओढली जाऊ लागली. वहिनीने नांगर टाकला, वल्ह्याने नाक वळवून धरलं, आणि दुसरी बोट येईपर्यंत त्या पोराच्या कपाळावर स्वतःच्या पदराची पट्टी ठेवली. पोर वाचलं. ती आई वहिनीच्या गळ्यात पडून रडली.

दुसऱ्या दिवशी तीच आई तिच्या बोटीत चढली नाही.

कारण आदल्या संध्याकाळी लाटबाबाने पायरीवरून जाहीर केलं होतं: "आम्ही दोनदा समजूत घातली. पंखा मानत नाही. का मानत नाही? पंखा बापाचा, आणि सुकाणूवर बाई. पाणी हे खपवून घेणार नाही. आज पोर वाचलं. उद्या?"

*

घरात दादा शेंगा सोलत बसला होता. डोळे गेल्यापासून तो हाताला काम ठेवतो.

"भोंगा दोन्ही बोटी सांभाळतो म्हणालाय," तो म्हणाला. "परवा ओहोटीला सगळ्यांसमोर सुकाणू द्यायचं. बाबा पंख्याला पुन्हा घेणार आहेत. तुमच्या पोटाला कमी पडणार नाही, तो म्हणाला."

वहिनी चुलीकडे तोंड करून उभी होती. वळली नाही. "आणि मी?"

"तू घर बघ."

"घर मी बघतच होते की. घराचं काही अडलं होतं का?"

"हट्ट करू नकोस गं. ते पोर गेलं असतं तर?"

"ते पोर मी वाचवलं!" ती गर्रकन वळली. "बंद इंजिनाची बोट मी खडकावर जाऊ दिली नाही! तुमचा बाबा कुठे होता? केस भिजवत बसला होता!"

दादाच्या हातातली शेंग तशीच राहिली. मग मलाच राहवलं नाही.

"दादा, एक विचारू? इंजिन तेच, बोट तीच, माणसंही तितकीच. पहिल्या खेपेला काटा पुढे गेला, दुसऱ्या खेपेला मागे आला. पंखासुद्धा तोच असेल, तर काटा हलला कसा?"

"रुसवा..."

"रुसव्याने काटा हलत नाही. सायकलवर चढ चढताना जड गिअर टाकला की काय होतं? पाय फिरत नाहीत, गुडघे भरून येतात. हलका टाकला की पाय गरागरा फिरतात. पंख्याच्या पात्याला पीळ असतो, तोच बोटीचा गिअर. पीळ जास्त असला की एका फेऱ्यात पाणी फार कापायला लागतं, इंजिनाचा दम निघतो. काटा दोनदा बदलला म्हणजे पीळ दोनदा बदलला. आणि पितळेचा पीळ मंत्राने बदलत नाही."

"तू पुस्तकातलं बोलतेस."

"बरं, मग पुस्तकातलं नको. तुझ्या हातातलं बोलू. अण्णांचा पंखा तुला हाताने ओळखता येईल?"

दादा हसला. कितीतरी दिवसांनी हसला. "झोपेत ओळखेन. खडकावर आपटला होता तेव्हा अण्णांनी एका पात्याची कड घण मारून सरळ केली होती. तिथे एक खळगा आहे. माझा अंगठा बरोबर बसतो त्यात. लहानपणी तिथेच अंगठा ठेवून बसायचो."

"नवा चंद्र कालच दिसला," मी म्हणाले. "आता हात लावायला बाबांचीही आडकाठी नाही."

वहिनी पुन्हा चुलीकडे वळली. पण तिचे खांदे ऐकत होते.

*

ओहोटीला उतारावर सगळ्या बोटी बाजूबाजूला कोरड्या पडल्या होत्या, माशांनी पोटं दाखवावीत तशा. धक्का भरलेला. सुकाणू सोडणारी बाई बघायला माणसं कामं टाकून आली होती. पाणी उपसायला बोलवा, एवढी येणार नाहीत.

लाटबाबा पायरीवर उभा राहिला. "आई," तो वहिनीला म्हणाला, "पाण्याचा राग तुझ्यावर नाही. तुझ्या हट्टावर आहे. हट्ट सोड, पाणी तुला लेकीसारखं..."

"बाबा, एक मिनिट," मी म्हणाले. "सुकाणू देण्याआधी माझ्या भावाला वडिलांच्या पंख्याला हात लावायचाय. निरोप घ्यायचाय म्हणतो."

"अरे, त्याला कशाला त्रास..."

"आंधळ्या माणसाला एवढंही नको?" गर्दीतून एक म्हातारा म्हणाला. गर्दीचं असंच असतं. तिला रडणारा माणूस हवा असतो. त्या दिवशी ते आमच्या पथ्यावर पडलं.

मी दादाला हाताला धरून आमच्या बोटीखाली नेलं. तो गुडघ्यावर बसला. लाल पात्यावरून त्याची बोटं हळूहळू फिरली, एक पातं, दुसरं, तिसरं. पुन्हा पहिलं. झोपलेल्या माणसाचा चेहरा चाचपावा तशी.

"हा आमचा नाही," दादा म्हणाला.

"रंगाचा थर आहे, कळायचं नाही!" बाबा वरून ओरडला. संथ आवाज कुठल्या कुठे गेला होता.

"रंगाने खळगा बुजत नाही, नि पात्याची रुंदीही वाढत नाही." दादा उठला. असा आवाज मी डोळे गेल्यापासून ऐकला नव्हता. "माझ्या बापाचा पंखा कुठंय?"

वहिनी त्याच्या जवळ आली. त्याचा हात धरला आणि त्याला शेजारच्या बोटीखाली नेलं. तिथे नाही. त्याच्या पुढच्या. तिथेही नाही. माणसं बाजूला होऊन वाट देत होती. भोंग्याच्या बोटीखाली दादा बसला, हात पुढे केला, आणि तिसऱ्या पात्याच्या कडेवर त्याचा अंगठा थांबला. बसला. बरोब्बर बसला.

"अण्णा," तो इतकंच म्हणाला.

"माझ्या बोटीवर?" भोंगा पहिल्यांदाच हळू बोलला. "मग माझा पंखा?"

कुणीतरी रॉकेलची बाटली नि काथ्या आणला. पितळी पंख्याच्या मधल्या गोळ्यावर दोन आकडे ठोकलेले असतात, एक रुंदीचा, एक पिळाचा. रंग निघाला तसे आकडे वर आले. सगळ्यांना आपापल्या पंख्याचे आकडे ठाऊक होते. भोंग्याचा पंखा तिसऱ्याच्या बोटीवर. तिसऱ्याचा पाचव्याच्या. शेडचं दार भोंग्यानेच खांद्याने उघडलं. आत घंटा होती, लाल रंगाचे डबे होते, आणि आकड्यांसकट लटकवलेले, बदलायला ठेवलेले पंखे होते. घण फक्त आवाजासाठी होता.

एवढाच चमत्कार. सगळ्यांचे शाफ्ट एकाच कारखान्यातले, त्यामुळे कुणाचाही पंखा कुणालाही बसायचा. कुणाच्या नव्या इंजिनाला जास्त पिळाचा पंखा लागायचा, कुणाच्या कमी. बाबा इंजिन बघायचा, ढिगातून योग्य पिळाचा पंखा उचलायचा, लाल रंगात बुडवायचा आणि शेजाऱ्याचा बाप तुमच्या बोटीला लावायचा. आमचं इंजिन धक्क्यावरचं सगळ्यात चपळ. त्याला लागणारा पंखा ढिगात नव्हताच. दोनदा चुकीचा लावून पाहिला. तिसऱ्यांदा काय सांगणार? मग त्याने बाई शोधली. ती शोधावी लागत नाही, नेहमी हाताशी असते.

"पाण्याने अदलाबदल केली," बाबा म्हणाला. "पाणी कुणाचं काही वेगळं ठेवत..."

"आणि रंगाचे डबेही पाण्यानेच तुमच्या शेडमध्ये रचून ठेवले वाटतं?" वहिनी म्हणाली.

माणसं हसली. बाबाने शाल सावरली आणि शेवटचा डाव टाकला. "हसा. पण बोटी पळाल्या की नाही? काम झालं की नाही? मग मंत्राने झालं काय नि पंख्याने झालं काय, तुम्हाला काय फरक?"

खरं सांगते, गर्दीतल्या काही माना हलल्या. माझ्या डोक्यात रक्त चढलं ते तेव्हा.

"फरक?" मी म्हणाले. "तुला माहीत होतं! पंखा बदला, एवढं एक वाक्य तुला सांगता आलं असतं. सांगितलं असतंस तर तू चांगला कारागीर ठरला असतास, लोकांनी घरी बोलावून चहा पाजला असता. पण कारागिराला लोक प्रश्न विचारतात, बाबाला विचारत नाहीत. तुला ते हवं होतं. आणि तुझं गणित चुकलं तेव्हा ते तू एका बाईच्या माथी मारलंस. पोर मरायला टेकलं होतं, तरी तू खोटंच बोललास!"

"ताई, मला..." तो पुढे काही म्हणणार होता.

"आता माझं ऐकू दे त्यांना," वहिनी शांतपणे म्हणाली. ती लाटबाबाकडे बघतच नव्हती. ती गर्दीकडे बघत होती, त्या पोराच्या आईकडे. "याला मी काय बोलू? हा आज आहे, उद्या दुसऱ्या धक्क्यावर असेल. तुम्ही माझ्या बोटीत बसत होता. रोज. भर पावसात, वाऱ्यात. एकीनेही मला विचारलं नाही, बाई, झालं काय? याला विचारलंत."

ती आई खाली मान घालून उभी राहिली.

*

पलीकडच्या काठावर पंख्यांचा एक कारखाना आहे. तिथला मालक दादाच्या हातातला पंखा फिरवून बघत म्हणाला, "तो ओल्या केसांचा? इथे होता की कामाला. बोट नुसती बघून पंखा सांगायचा. हात सोन्याचा होता हो." मला त्या रात्री जेवण गेलं नाही. अडाणी माणूस फसवतो त्याचा राग एकवेळ गिळता येतो. हा जाणत होता.

अण्णांचा पंखा मालकाने तापवला, घण मारून त्याचा पीळ कमी केला, कडा थोड्या कापल्या. तो परत हातात आला तेव्हा दादाने तिसरं पातं चाचपलं. खळगा उरला नव्हता.

"जाऊ दे," तो म्हणाला. "अण्णा असते तर त्यांनीच घण मारला असता. आणि फिटरचं ऐकायला हवं होतं, तेही त्यांनी ऐकलं असतं."

मग तो वहिनीकडे वळला. माफी वगैरे काही त्याला मागता आली नाही. तो म्हणाला, "सुकाणू तुझं आहे. माझ्या बापाचा पंखा फिरतो तोवर, आणि नंतरही."

"माहीत आहे मला," वहिनी म्हणाली. रागातच म्हणाली. तो राग जायला अजून वेळ लागेल, आणि लागू दे.

बोट माणसांनी भरली. वहिनीने मुद्दाम भरली, कारण रिकामी बोट कुणीही पळवून दाखवतं. पूर्ण जोर दिला. धूर नाही. काटा चढत गेला आणि हिरव्या खुणेला शिवून तिथेच थरथरत राहिला.

"शिवला?" दादाने विचारलं.

"शिवला," पोराची आई म्हणाली. ती सगळ्यांत पुढे बसली होती.

आता तुम्हाला सांगते. तुमच्याही धक्क्यावर कुणी ओल्या केसांचा येईल. तो चमत्कार करूनही दाखवेल, आणि तुमचं काम झालेलंही असेल. तरीही विचारा. दार बंद का? रंग कशाला? हात का लावायचा नाही? ज्याच्याकडे उत्तर आहे त्याला प्रश्नाचा राग येत नाही. आणि चमत्कार फसल्यावर जो एखाद्या बाईकडे बोट दाखवतो, त्याच्या शेडचं दार आधी उघडा. हात लावून बघा. माझ्या भावाला डोळे नव्हते, त्याने अंगठ्याने पाहिलं. तुम्हाला तर डोळे आहेत.

वहिनीने बोट वळवली. मागे पाण्यावर लांबच लांब पांढरी रेघ उमटली, आणि कितीतरी दिवसांनी ती पुन्हा गुणगुणू लागली.